दोन्ही घरांचं रक्त

मिठाच्या पाण्यात अंडं तरंगलं, त्याचं नाण्याएवढं टोक वर आलं, आणि ग्वीनामनं मान हलवली. पाणी जमलं होतं. अंगणातल्या बायका कामाला लागल्या.

यॉनसिल मेजूच्या विटा ब्रशनं घासत होती. शिजवून कुटलेल्या सोयाबीनच्या या विटा हिवाळाभर आतल्या खोलीत गवताच्या दोरीला टांगलेल्या होत्या. पांढरी-पिवळी बुरशी धरून आता त्या हलक्या आणि टणक झाल्या होत्या. आज त्या रांजणात रचायच्या, वर खारं पाणी ओतायचं, वर कोळसा आणि लाल मिरच्या टाकायच्या, की घराण्याची वर्षाच्या सोयाची बेगमी झाली. थोरली सून म्हणून यॉनसिल लग्नापासून हे करत आली होती. पण वीट नाकाशी धरून ‘ही घाल, ही काढ’ म्हणण्याचा मान अजून सासूकडेच होता.

“सोदाम कुठाय?” ग्वीनामनं विचारलं.

“पडलीय, आई. घसा फार दुखतोय म्हणाली.”

“दुखायला आजचाच मुहूर्त मिळाला त्या घशाला.” ग्वीनामनं एक वीट हुंगली आणि बाजूला ठेवली. “गेल्या वर्षी पोट, त्याच्या आदल्या वर्षीही पोट. या घरात कधी कुणाचं पोट दुखलं नाही बाई. दगड खाऊन पचवणारी माणसं आम्ही.”

पुढचं वाक्य ग्वीनाम बोलली नाही, आणि तशी गरजही नव्हती. हे दुखणं तुमच्याकडून आलं, समुद्राकाठच्या मासळीवाल्यांकडून, हे यॉनसिलनं इतक्यांदा ऐकलं होतं, की सासू गप्प राहिली तरी तिला ते ऐकू येई.

सोदाम एकोणीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिच्या आतड्यांना सूज धरायला लागली, आणि तेव्हापासून औषधं चालूच होती. तीन आठवड्यांपूर्वी ग्वांगजू शहरातल्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. फिकट पिवळी, लहानशी. दोन आठवड्यांनी रक्त तपासायला या, चुकवू नका, असंही बजावलं होतं. तो सोमवार आला तेव्हा यॉनसिलनं विषय काढला होता. सासू म्हणाली, “रक्त कुठं पळून जातंय? घोड्याचा दिवस मात्र पळून जातो. मिठाचं झालं की जा.” पंचांगात घोड्याच्या नावाचा, रांजण भरायला चांगला असा महिन्याभरातला दिवस तेवढाच होता. यॉनसिल गप्प बसली. आठवडा उलटून गेला.

“वहिनी, पोरीला जरा जास्तच जपता तुम्ही,” ओट्यावरून ग्यॉंगमी म्हणाली. ही धाकटी नणंद दरवर्षी या दिवशी शहरातून यायची, हात न भिजवता सगळ्यांना सल्ले द्यायची आणि संध्याकाळी दोन डबे भरून घेऊन जायची. “कपाळ जरा गरम झालं की निघाल्या दवाखान्यात. आम्ही मेलो का लहानपणी?”

“नाही ना, वन्सं. तेच तर,” यॉनसिल म्हणाली. शेजारची एक बाई तोंड फिरवून हसली.

ती हात पुसून आत गेली. सोदाम भिंतीकडे तोंड करून झोपली होती. अंगावर दोन रजया होत्या, तरी दात वाजत होते. डोक्यावर लोकरीची टोपी होती. ही टोपी ती तीन-चार दिवस घरातही काढत नव्हती.

“सोदाम. ए सोदाम. बघू जरा.”

“घसा, आई. थुंकी पण गिळवत नाही.”

यॉनसिलनं कपाळ बघायला टोपी वर सरकवली. टोपी हातात आली, आणि केसही टोपीबरोबर आले. ओढावे लागले नाहीत, की ती पोर विव्हळलीही नाही. भुईतून गवताची जुडी सुटून यावी तसे ते सुटून आले, आणि खाली गुळगुळीत पांढरी टाळू दिसली.

“कधीपासून हे?”

“चार-पाच दिवस झाले. तुला सांगणारच होते. मिठाचं होऊ दे म्हटलं.”

थर्मामीटरचा पारा एकोणचाळीसच्या वर गेला होता.

यॉनसिल अंगणात आली ती एप्रन सोडतच. “मी हिला ग्वांगजूला नेतेय.”

“रांजण भरायचेत,” ग्वीनाम म्हणाली.

सांगमुक दोन बादल्या घेऊन मध्येच उभा राहिला. तो आईकडे बघे, मग बायकोकडे. लग्न झाल्यापासून तो असाच मध्ये उभा राहत आला होता, आणि बहुतेक वेळा पाऊल आईच्या दिशेनं पडत होतं.

“थांबा, मी बघून येते. ताप म्हणजे काय जगबुडी आहे?” ग्यॉंगमी ओट्यावरून उठली.

ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात ती टोपी होती. तिनं ती कुणाला दाखवली नाही, पोटाशी घट्ट धरली होती.

“दादा, गाडी काढ.”

“तू कुणाच्या बाजूनं बोलतेस?” ग्वीनामनं विचारलं.

“मी थर्मामीटरच्या बाजूनं बोलतेय, आई. दादा, बादल्या ठेव खाली.”

सांगमुकनं बादल्या ठेवल्या. पाणी हिंदकळून त्याच्या पायांवर सांडलं.

*

डॉक्टर प्यो ठेंगण्या, पन्नाशीच्या बाई होत्या. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवायच्या नाहीत. सांगमुकला त्याची भीती वाटली. वाईट बातमी सांगणारी माणसं खाली बघतात, एवढंच त्याला माहीत होतं.

“राईच्या दाण्याएवढा रक्ताचा थेंब घेतला,” त्या म्हणाल्या, “तर तुमच्या-माझ्या थेंबात पाच-सहा हजार पांढऱ्या पेशी असतात. सोदामच्या आज चारशे आहेत. आणि जंतूंशी ज्या झुंजतात, त्या जवळजवळ शून्य.”

“शून्य म्हणजे?”

“म्हणजे आम्ही शोधल्या, आणि सापडल्या नाहीत. त्या नव्या गोळीचा हा परिणाम आहे. गोळी बंद केलीय. पण जे गेलंय ते हाडांच्या आत पुन्हा तयार व्हावं लागतं, आणि त्याला दिवस लागतात.”

“मग हा ताप कसला? बाहेरून काही लागलं का? आमच्या घरात बुरशी असते. धंदाच तो. हवेत, भिंतींवर, सगळीकडे.”

“बुरशीचीही काळजी घेऊ. पण आत्ता बहुतेक तिचेच जंतू आहेत. तोंडातले, आतड्यातले, कातडीवरचे. जन्मापासून तिच्याबरोबर राहत आलेत. अडवणारं कुणी उरलं नाही, म्हणून ते आत शिरतायत. आजवर कधी शिरले नाहीत, कारण क्षणोक्षणी त्यांना अडवलं जात होतं.”

सांगमुक स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. हे हात आयुष्यभर बुरशीत वावरले होते. कुठली वाढू द्यायची, कुठली खरवडून टाकायची, हे तो वडिलांकडून शिकला होता, आणि आपण न दिसणाऱ्या जिवांचे राखणदार आहोत याचा त्याला मनातून अभिमान होता. पण आपल्या अंगात, आपण जेवताना, भांडताना, झोपेत घोरताना, कुणीतरी पन्नास वर्षं पहारा देत आलंय आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. त्याला एकदम आपलं अंग परकं वाटलं. एखाद्या मोठ्या देवळात बूट घालून शिरल्यासारखं वाटलं.

“वाचेल ना?”

“जंतू मारणारी औषधं शिरेतून चालू केलीत. हाडांना जागं करणारं इंजेक्शनही देतोय. पहिले काही दिवस मी तुम्हाला वचन देणार नाही.”

सोदामला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. दोन दारं, मधे हात धुवायची जागा, बाजूला काच. आत एका वेळी एकच माणूस जाणार, तेही झगा, मास्क आणि हातमोजे घालून. यॉनसिल आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या आया येऊन पोहोचल्या. समुद्राकाठच्या वांदोहून बसनं यॉनसिलची आई मानदोक आली. बुटकी, रापलेली बाई, कापडाच्या गाठोड्यात कालवांची गरम पेज घेऊन. आणि घरून ग्वीनाम आली, रांजण भरून, त्यांच्या गळ्याशी दोरी बांधून, झाकणं ठेवून. तिच्या मांडीवर एक छोटा बुधला होता. घरातल्या सर्वांत जुन्या रांजणातलं काळं सोया. असलं सोया सुनांना बाळंतपणात आणि मुलांना मोठ्या आजारातच मिळायचं.

नर्सनं दोन्ही वस्तू टेबलावर थांबवल्या. “समुद्रातलं काही नाही. आणि घरी आंबवलेलं तर अजिबातच नाही.”

“पोरी, हे साठ वर्षांचं आहे,” ग्वीनाम म्हणाली.

“म्हणूनच नाही, आजी.”

मानदोकला हसू आलं. तिनं ते आवरलं, पण ग्वीनामला दिसायचं ते दिसलं.

“हसा, विहीणबाई. नात तुमचीही आहे म्हणून हसा. आमच्या घराण्यात पंधरा पिढ्यांत असं रक्त पातळ झालेलं माणूस नाही.”

“पंधरा पिढ्यांचं रक्त तुम्ही बघितलंय?” मानदोक म्हणाली. ती बाजारात मासळी विकून म्हातारी झाली होती. तिचा आवाज मुळातच लांब जायचा. “आमचा बाप बर्फाच्या पाण्यात उतरायचा, विहीणबाई. रक्त पातळ असतं तर गोठलं असतं.”

“आई, हळू,” सांगमुक म्हणाला. कोणत्या आईला म्हणाला, ते त्यालाही कळलं नाही.

“हळू काय?” ग्वीनाम म्हणाली. “पोटाचं दुखणं कुणाकडचं, केस कुणाकडचे, आता हे कुणाकडचं? मी कधी तोंड उघडून बोलले?”

“रोज बोललीस, आई,” खिडकीपाशी उभी असलेली ग्यॉंगमी म्हणाली. “रोज. मीसुद्धा तुझ्या जोडीला बोलत होते. वहिनींनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही, म्हणून आपल्याला वाटायचं आपण बोललोच नाही.”

ग्वीनामनं लेकीकडे बघितलं. हीच लेक तिची वकील होती, तिचा उजवा हात होती. ग्वीनाम बाकावर बसली आणि बुधला मांडीवर घेतला.

ताप उतरेना. सांगमुक रोज सकाळी आकडा विचारायचा, आणि रोज सकाळी आकडा होता तिथंच असायचा. यॉनसिल आतून बाहेर यायची तेव्हा तिच्या गालांवर मास्कचे वळ असायचे. ती म्हणायची, “आज तोंडात फोड आलेत,” किंवा “आज मला आजी समजून बोलत होती.” मग भिंतीला टेकून डोळे मिटायची. ग्यॉंगमी सगळ्यांसाठी भात आणायची. कुणी कुणाशी भांडेना, आणि ते भांडणापेक्षा वाईट होतं.

डॉक्टर प्योंनी सोदामच्या रक्तावर आणखी एक तपासणी पाठवली होती. आईवडिलांचंही रक्त घेतलं होतं. निकाल आला तेव्हा त्यांनी सगळ्यांना छोट्या खोलीत बोलावलं.

“ही गोळी अंगात गेली की तिचं रूपांतर होतं,” त्या म्हणाल्या, “आणि मग ते निवळावं म्हणून शरीरात एक व्यवस्था असते. सोदामकडे ती व्यवस्था नाही. जन्मतःच नाही. म्हणून इतरांना सोसणारी गोळी तिच्या हाडांत साचत गेली.”

“म्हणजे हा आणखी एक आजार?” सांगमुकनं विचारलं.

“आजार नाही. ही एक गोळी घेतली नसती, तर शंभर वर्षं जगूनही तिला कळलं नसतं. आपल्या लोकांत पाचांतल्या एकाकडे तरी यातला एक अर्धा भाग असतो. त्यांना सहसा काहीच जाणवत नाही. दोन्ही अर्धे एकाच मुलात आले, की असं होतं. शंभरात एखाद्याच्या वाट्याला येतं.”

“पण आलं कुणाकडून?” दोन्ही म्हाताऱ्या एकदम म्हणाल्या.

“दोन्हीकडून. एक भाग वडिलांचा, एक आईचा. एकाच घराकडून हे येऊच शकत नाही.”

यॉनसिल खाली मान घालून बसली होती. सांगमुकला वाटलं होतं ती सासूकडे बघेल. तिच्या जागी तो असता तर नक्की बघितलं असतं. तिनं बघितलं नाही. तेव्हा त्यानं, आईसमोर, आयुष्यात पहिल्यांदाच, बायकोचा हात हातात घेतला.

मानदोक पुटपुटली, “कुठं वांदोचं बेट आणि कुठं तुमची डोंगराची कूस. आपल्या पणज्यांनी एकमेकींचं तोंड बघितलं नसेल. आणि दोघींकडे एकच वस्तू, जपून ठेवलेली.” मग ती ग्वीनामकडे वळली. आवाज खाली आला होता. “म्हणजे विहीणबाई, आपण दोघींनी मिळून दिलंय हे.”

ग्वीनामनं बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

“माझं रक्त घ्या.”

“आजी, तुमचं लागणार नाही. सोदामच्या उपचारात त्यानं काही फरक पडत नाही.”

“माझ्या मुलात आलं ते कुठून तरी आलं ना? त्याचे वडील आता रक्त द्यायला उठून येणार नाहीत. मी आहे. माझं घ्या.”

*

ग्वीनामला डॉक्टरांचं बोलणं समजत होतं, पण पटत नव्हतं. नाही म्हणजे काय नाही? किती नाही? ती वास घेऊन सांगणारी बाई. बुरशी आंबट चढली की तिला दारातूनच कळायचं. इथं कशालाच वास नव्हता. काचेपलीकडे बिनकेसांची तिची नात दिवसेंदिवस लहान होत चालली होती, आणि सगळे एका आकड्याची वाट बघत बसले होते.

एका सकाळी तिनं डॉक्टर प्योंना वऱ्हांड्यातच गाठलं.

“मला दाखवा.”

“काय दाखवू, आजी?”

“जे नाही म्हणता, ते. तुम्ही रोज बघता ना? मग मलाही बघू द्या. मी दिसेल तेच मानते.”

डॉक्टर प्योंनी तिला आपल्या खोलीत नेलं. टेबलावर सूक्ष्मदर्शक होता, दोघांना एकदम बघता येईल असा, दोन तोंडांचा. त्यांनी एक काच खाली सरकवली. “ही पहिल्या दिवसाची.”

ग्वीनामनं चष्मा काढला आणि डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग उजेड स्थिर झाला, आणि तिला पिकल्या केशरी पर्सिमन फळांच्या रंगाच्या चकत्या दिसल्या. असंख्य. एकमेकींना लागून, एकमेकींवर कलून, जिथवर नजर जाईल तिथवर. तिला वाटलं आपण डोंगरावरून शरदातली बाग बघतोय.

“हे सगळं त्या थेंबात?”

“त्याच्या एका कणात. या तांबड्या पेशी. त्यांचं काम नीट चाललंय. आता मी काच हळूहळू सरकवते. पांढऱ्या पेशी रंग लावल्यावर जांभळ्या दिसतात. तसं काही दिसलं तर सांगा.”

काच सरकत राहिली. चकत्या आल्या आणि गेल्या, आल्या आणि गेल्या. ग्वीनाम श्वास धरून शोधत होती. एवढी मोठी वस्ती, आणि वेशीवर कुणी नाही. दार सताड उघडं. तिला सोदामचा घसा तेवढा आठवला, आणि आपण त्याला ठेवलेली नावं.

“नाही,” ती म्हणाली. “काहीच नाही.”

“नाही. आता ही बघा. आज पहाटे काढलेली. मीही नीट बघितलेली नाही अजून.”

दुसरी काच आली. पुन्हा तीच बाग. काच सरकली, आणखी सरकली. मग डॉक्टर प्योंचा हात थांबला. त्या काही बोलल्या नाहीत.

मधोमध ती होती. तांबड्या चकत्यांच्या दुप्पट मोठी, कडेनं फिकट गुलाबी, आणि पोटात जांभळी खूण, घोड्याच्या नालेसारखी वाकलेली. एकटी. आजूबाजूच्या गर्दीत ती अशी उभी होती, की ग्वीनामला आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरलो असं वाटलं, आणि तिनं डोळा मागे घेतला. मग पुन्हा लावला.

“ही कुठून आली?”

“तिच्या हाडांतून. आत तयार होऊन बाहेर पडलीय. एक दिसली म्हणजे मागे आणखी असणार.”

“कुणी सांगितलं हिला, इथं ये म्हणून?”

डॉक्टर प्यो हसल्या नाहीत. “आम्ही इंजेक्शन देतो. त्यापुढचं कसं घडतं, ते मला पुस्तकातलं सांगता येईल, आजी. पण तीस वर्षं झाली, प्रत्येक वेळी पहिली पेशी दिसली की मी अशीच गप्प होते.”

ग्वीनाम बराच वेळ बघत राहिली. तिच्या आयुष्यात ती कितीदा वाकली होती. पंधरा पिढ्यांच्या पितरांपुढे, नवऱ्याच्या समाधीपुढे, सासूपुढे. यावेळी कुणी वाकायला सांगितलं नव्हतं, आणि पाठ वाकलेलीच होती. शेवटी ती सरळ झाली, दारापर्यंत गेली आणि वऱ्हांड्यात बसलेल्या यॉनसिलला आणि मानदोकला हाक मारली.

“या. बघा.” मग मानदोकला म्हणाली, “आधी तुम्ही, विहीणबाई. आत पाय जपून टाका.”

मानदोकनं डोळा लावला आणि तिच्या तोंडून एक लांब सुस्कारा आला. यॉनसिल दारातच उभी होती. ग्वीनाम तिच्याजवळ गेली.

“मी म्हणाले होते, रक्त कुठं पळून जातंय.”

“हो,” यॉनसिल म्हणाली.

ग्वीनाम थांबली. तिला वाटलं सून म्हणेल, जाऊ द्या आई, तुम्हाला काय माहीत होतं. सून तसं म्हणाली नाही. आणि ग्वीनामला ते बरोबरच वाटलं. असं काही इतक्या लवकर जाऊ द्यायचं नसतं.

“जा, बघून घे,” ती म्हणाली. “तुझ्या लेकीची आहे.”

त्यानंतर आकडा वर सरकू लागला. एक दिवस थोडा, दुसऱ्या दिवशी दुप्पट, मग हजाराच्या वर. ताप उतरला. सोदामनं थुंकी गिळली, मग पाणी, मग मानदोकनं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात उभं राहून करून घेतलेली भाताची पेज. आतड्याच्या सुजेसाठी दुसरं औषध शोधायचं होतं, ते पुढं होतंच. पण ती पिवळी गोळी तिला पुन्हा कधीही द्यायची नाही, हे तिच्या कागदांवर ठळक लाल अक्षरांत लिहिलं गेलं. ग्यॉंगमीनं आपल्या दोन्ही मुलांनाही समजावून ठेवलं, की कधी ही गोळी कुणी दिली तर आधी हे सांगा.

ग्वीनामनं हट्टानं दिलेल्या रक्ताचाही निकाल आला. तिच्याकडेही अर्धा भाग होता. सांगमुकला तो तिच्याकडूनच गेला असणार, डॉक्टर म्हणाल्या. दगड खाऊन पचवणाऱ्या नवऱ्याच्या घराण्याचा त्याच्याशी बहुधा काही संबंध नव्हता.

त्या दुपारी तिनं आत जायची पाळी मागून घेतली. झगा तिला लांब होत होता, हातमोजे मोठे होत होते. सोदाम उशीला टेकून बसली होती.

“आजी, आत्या म्हणाली माझ्यात तुझंही आहे.”

“आहे.”

“तुला कुणाकडून आलं?”

“आईकडून.”

“ते कसं कळलं? ती तर कधीच गेली ना?”

“मी अकरा वर्षांची होते तेव्हा गेली.” ग्वीनाम खुर्चीवर बसली. “कळायला मार्ग नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वडिलांकडून असेल किंवा आईकडून, आता कुणीच सांगू शकणार नाही. मग मी ठरवलं. वडिलांचं नाव वंशावळीत आहे. कबरीच्या दगडावर आहे. त्यांना खूप काही मिळालं. आईचा फोटो नाही. दगडावर शेजारी नुसतं लिहिलंय, ‘नो’ आडनावाच्या घराण्यातली. तिचे बोल मला आठवत नाहीत. हात आठवतात का, तेही धड सांगता येत नाही.” तिनं आपला हातमोज्यातला हात उलटसुलट करून बघितला. “मला वाटायचं तिचं काहीच उरलं नाही. आणि हे इतकी वर्षं माझ्यात होतं. तुझ्या बापात होतं. न बोलता.”

“हे तर मला मारायला निघालं होतं, आजी.”

“हो. तेही खरं.” ग्वीनामनं ते नाकारलं नाही. “त्याचा मला राग येतो. आणि ते तिचं आहे म्हणून टाकवतही नाही. दोन्ही आहे बघ.”

“नाव काय होतं तिचं?”

ग्वीनाम त्या घरात सून म्हणून आली, सासू झाली, आजी झाली. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

“गान्नानी,” ती म्हणाली. “म्हणजे तान्ही. मुलगी झाली म्हणून कुणी नाव शोधायची तसदी घेतली नाही. सगळे तान्ही तान्ही म्हणत राहिले. लग्न होऊन आली तेव्हा तान्ही, मला जन्म दिला तेव्हा तान्ही. गेली तेव्हाही तान्हीच.”

काचेबाहेर यॉनसिल उभी होती. शब्द तिला ऐकू येत नव्हते. सासूबाईंनी हात पुढे करून सोदामच्या उघड्या डोक्यावरून फिरवला, एकदा, दोनदा, ते तिनं बघितलं. मग सोदामचे ओठ हलले, कुणाला तरी लांबून नावानं हाक मारावी तसे. सासूबाईंनी मान वर केली आणि ओ दिली.